जाग आली की आधी पायाची बोटं हलव

पत्र: «ताई, मी अकरावीत आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात. माझ्या पाठीच्या कण्याला ५८ डिग्रीचा बाक आहे आणि पुढच्या महिन्यात नागपूरला ऑपरेशन आहे. ऑपरेशनचं मला काही वाटत नाही, तेव्हा मी झोपेतच असणार. भीती जाग येण्याची आहे. किती दुखेल, पाय हलतील का, आई जवळ असेल का, हे घरात विचारलं की सगळे म्हणतात असा विचार करू नको. वर्गातला एक पोरगा म्हणतो की सहा महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागते. खरं काय ते सांगा.»

पोरी, तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच मी दिसली. मीपण हेच म्हणायची, झोपेत काय करायचं ते करा, उठल्यावरचं सांगा. तेव्हा मी सतराची होती, बाक ५४ डिग्री. आता बारा वर्षं झाली, पाठीत दोन सळ्या आणि १८ स्क्रू आहेत आणि मी रोज शाळेत तिसरीच्या पोट्ट्यांमागं पळते. तर हे उत्तर डॉक्टरचं नाही, त्या पलंगावरून उठून आलेल्या बाईचं आहे, गोळ्याऔषधांचं आणि दिवसांचं तुझे डॉक्टर सांगतील तेच धर.

आधी तो प्लास्टरवाला निपटवू. तो अगदीच खोटं नाही बोलून रायला, त्याच्या आजीच्या काळात तसंच होतं. १९६० च्या आसपास अमेरिकेत हॅरिंग्टन नावाच्या डॉक्टरांनी कण्याला स्टीलची सळी लावायची पद्धत आणली, ती सळी वर आणि खाली हुकांवर अडकवलेली असायची, म्हणून मग पेशंटला कित्येक महिने प्लास्टरच्या जाकिटात ठेवायचे. आता मणक्यामणक्यात स्क्रू घालतात, पकड पक्की असते, आणि तुझ्या-माझ्यासारख्या पोरींना दोन-तीन दिवसांत उभं करतात. आणि गावात कोणी म्हटलं ना की कापसाचं गाठोडं उचललं म्हणून पाठ वाकली, किंवा तुझ्या आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून, तर ते या कानानं ऐक आणि त्या कानानं सोडून दे. आईलापण ऐकू देऊ नको, माझी माय त्या ग्रहणापायी दोन वर्षं आतल्या आत जळत होती, आणि ओझ्यानं, ग्रहणानं हा बाक येत नाही.

आता जाग. मला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, हाताला सुई, तोंडावर मास्क, भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं गाव कोणतं, आणि मी गावाचं नाव अर्धंच सांगितलं असेल. त्यानंतर लगेच कोणीतरी माझं नाव घेऊन जोरजोरात हाका मारून रायलं होतं. मधले सहा-सात तास नाहीतच. झोपेत निदान वेळ गेल्याचं तरी कळतं, इथं तेही नाही. मी म्हटलं, अजून सुरू नाही केलं का? तर सिस्टर म्हणे, "झालं व बाई, संध्याकाळ होऊन रायली." आणि मी परत झोपली. मग परत हाक, परत झोप, असं किती वेळा झालं देव जाणे. म्हणजे जाग एकदाच नाही येत, तुकड्यातुकड्यानं येते, आणि मधले कित्येक तुकडे आठवतही नाहीत. मी म्हणे आबांना विचारलं की बैलांना पाणी पाजलं का, ते अजूनही सगळ्यांना सांगत फिरतात, मला काही आठवत नाही.

डोळे पूर्ण उघडायच्या आधीच तुला सांगतील, पायाची बोटं हलव. हा पंजा वर कर, तो खाली दाब, इथं हात लावला तर कळते का. तुझी सगळ्यात मोठी भीती हीच ना, तर डॉक्टरांनाही आधी तेच पाहायचं असतं. आणि त्यांना ते तेव्हाच पहिल्यांदा कळतं असं नाही. ऑपरेशन चालू असतानाच डोक्याला, हातापायांना बारीक सुया आणि वायरी लावलेल्या असतात आणि कण्यातल्या नसांमधून सिग्नल नीट जातो का हे एक माणूस मशीनवर सतत बघत असतो (जाग आल्यावर केसांत बारीक बारीक खपल्या हाताला लागल्या तर त्या त्याच्याच आहेत). हे मशीन नव्हतं तेव्हा, १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती मांडली की ऑपरेशनच्या मध्येच भूल थोडी उतरवायची, पेशंटला बोटं हलवायला सांगायची, हलली की परत झोपवायचं. गरज पडली तर अजूनही करतात. असं करणार असले तर तुला आधीच सांगतील, त्यात दुखत नाही आणि बहुतेकांना नंतर आठवतही नाही. नसेला इजा होण्याचं विचारशील तर तुझ्या वयाच्या पोरींमध्ये अशा बाकाच्या ऑपरेशनात ते शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा होतं, आणि त्यातल्याही बऱ्याच जणींचं नंतर सुधारतं. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही, घरचे म्हणतात ना तसं, पण तो केवढा आहे ते माहीत असलं की रात्री झोप लागते.

मग हळूहळू कळतं की आपल्याला काय काय लावलेलं आहे. नाकातोंडावर ऑक्सिजन, हातात सलाईन, मनगटात किंवा मानेत आणखी एक नळी, बोटाला चिमटा, पाठीतून बाहेर आलेली रबरी नळी आणि तिच्या टोकाला रक्ताची बाटली, आणि लघवीची नळी. ती बाटली पाहून माझ्या भावाला चक्कर आली होती, त्याला आधीच सांगून ठेव, आत साचलेलं रक्त बाहेर यावं म्हणूनच ती असते आणि दोन-तीन दिवसांत काढतात. लघवीच्या नळीचं एक चमत्कारिक असतं, नळी असूनही सारखं वाटतं की आता लागली, आता होईल, आणि आपण लाजेनं आवळून धरतो. आवळू नको, आपोआप जात असते. घसा खरखरतो कारण श्वासाची नळी घातलेली असते, आवाज एक-दोन दिवस बसलेला राहतो. डोळ्यांत मलम घालून पट्टी लावतात म्हणून सगळं धुक्यासारखं दिसतं. अंगात हुडहुडी भरते, मे महिना असला तरी, दात वाजतात, तेव्हा कांबळ माग, गरम हवेचा पाईप असला तर तो लावतात.

आणि तोंड. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम सांगते. ऑपरेशन पालथं झोपवून करतात, तेवढे तास चेहरा खाली असतो, सलाईन चढत असतं, म्हणून तोंड सुजतं, डोळ्यांच्या फटी होतात, ओठ जाड होतात. माझी माय आयसीयूच्या दारातून आत आली, पलंगाजवळ आली आणि सिस्टरला म्हणे, "हे माही पोरगी नाही." मी आतून ऐकून रायली होती आणि मला बोलता येत नव्हतं. शेवटी तिनं माझा पाय पाहिला, लहानपणी विळा लागल्याची खूण आहे तिथं, आणि मग जी रडली. दोन दिवसांत सूज उतरली. तर तुझ्या आईला हा परिच्छेद वाचून दाखव, आजच दाखव. आई जवळ असेल का म्हणून विचारलंस, तर पहिल्या काही तासांत बहुतेक ठिकाणी आईला दहा-पाच मिनिटंच आत सोडतात, रात्रभर सिस्टरच असते. पण खरं सांगू का, तेव्हा आपण इतके गुंगीत असतो की आई पाच मिनिटं होती का पाच तास ते कळतच नाही.

पाण्याचं मात्र हाल होतात. तोंड कोरडं फटाक, आणि पाणी देत नाहीत, कारण भूल आणि दुखण्याची औषधं यानं आतडी सुस्तावलेली असतात, प्यायलं की उलटी, आणि ताज्या टाक्यांवर उलटी म्हणजे काय ते मी लिहीत नाही. ओठांना ओला कापूस लावून माग, व्हॅसलीन सोबत ने. मग राऊंडला डॉक्टर येतात, पोटावर स्टेथोस्कोप ठेवतात आणि विचारतात गॅस पास झाला का. वॉर्डभर माणसं बसलेली, मी लाजून नाही म्हणून मान हलवली, आणि खरं तर झाला होता! त्या लाजेपायी अर्धा दिवस जास्त उपाशी राहिली मी. तू सरळ हो म्हण. त्यानंतर घोटघोट पाणी, मग चहा, मग मऊ वरणभात. संडास व्हायला चार-पाच दिवस लागू शकतात, त्याचं औषध देतात, ते चुकवू नको.

आता दुखण्याचं. दुखतं. कोणी म्हणत असेल दुखत नाही तर त्याला विचार तुझ्या पाठीवर किती टाके आहेत. पण मला वाटलं होतं तसं कापल्यासारखं नाही दुखलं, मला वाटलं की पाठीवर कोणी जात्याची तळी ठेवली आहे आणि आतून मांसाला आग लागली आहे, पहिल्या दिवशी कमी कारण औषधं जोरात असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. बऱ्याच ठिकाणी एक पंप लावतात, हातात बटण देतात, दुखलं की दाबायचं, औषध थोडं रक्तात जातं. जास्त दाबलं तरी मशीन ठरलेल्यापेक्षा जास्त सोडत नाही, म्हणून घाबरायचं नाही. पण ते बटण फक्त तू दाबायचं. आईनं नाही, मावशीनं नाही, तू झोपेत कण्हलीस म्हणून मायेनं कोणी दाबलं तर ते धोक्याचं आहे, कारण झोपलेल्या माणसाला औषध नको असतं आणि जास्त गुंगीनं श्वास मंद होतो. काही ठिकाणी बटणाऐवजी पाठीत बारीक नळी ठेवून औषध सोडतात, काही ठिकाणी सिस्टर वेळेवर इंजेक्शन देते, तुझ्याकडे काय आहे ते आधीच विचार. या औषधांनी मळमळतं, नाक खाजतं, भिंतीवर मुंग्या दिसल्या मला, खऱ्या नव्हत्या. असलं काही झालं की सांगायचं, त्यावरपण औषध असतं.

आणि इथं माझं एक म्हणणं आहे, तू ऐकशील तर. आपल्याकडं पोरगी सोसते म्हणून तिचं कौतुक. काटा रुतला तरी कापूस वेचत राहिली, ताप असला तरी पाणी भरलं, लय गुणाची पोरगी. मी त्याच गुणावर तिथं गेली. सिस्टर विचारायची शून्य ते दहात किती दुखते, मी म्हणायची तीन. होतं आठ. मला वाटलं सिस्टर खूश होईल, त्रास नाही देत पोरगी म्हणून. झालं काय तर दुखण्याच्या भीतीनं मी खोल श्वास घेतला नाही, ते तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं खेळणं देतात ना, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं, ते उशीखाली लपवलं, कुशीवर वळली नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप, छातीत कफ, फोटो काढावा लागला, घरी जायचं दोन दिवसांनी लांबलं. एक म्हातारी सिस्टर होत्या, त्या चिडल्याच, "आमाले काय पोटातलं दिसते का व? सांगशीन तं इलाज होईन." तर आठ असलं तर आठ म्हण. श्वास घेता येईल, वळता येईल एवढं दुखणं खाली आणायचं असतं, शून्य होत नाही ते. आणि गोळी दुखायला लागल्यावर मागायची नाही, वेळेवर घ्यायची, दुखणं एकदा वर चढलं की उतरायला वेळ लावते.

दर दोन-तीन तासांनी कूस बदलतात, दोघं-तिघं मिळून, लाकडाचा ओंडका गोल फिरवतात तसं, खांदे आणि कमर एकदम. तू स्वतःहून पलंगाची दांडी धरून पिळत वळू नको. मग एक दिवस, बहुतेक दुसऱ्याच, फिजिओवाले येतात आणि म्हणतात बसा. तेव्हा डोळ्यापुढं अंधारी येईल, घाम सुटेल, वाटेल की पडली. पडत नाहीस, ते धरून असतात, रक्त गेलेलं असतं आणि आडवं राहून बीपी सुस्तावतं. पाय खाली सोडून पाच मिनिटं बस, लांब श्वास घे, मग उभी राहा.

उभं राहिल्यावर जे वाटलं ते मात्र विचित्र. मला वाटलं मी डावीकडे कलंडून रायली. सगळे म्हणतात सरळ आहेस, आरसा म्हणतो सरळ आहेस, पण डोकं म्हणते वाकडी. इतकी वर्षं वाकड्या कण्यालाच मेंदू सरळ समजत होता ना, त्याला नवीन हिशोब शिकायला काही आठवडे लागतात. फरशी थोडी दूर वाटते. खरंच वाटते, उंची एक-दोन इंच वाढतेच, बाक सरळ झाला की. घरी आल्यावर सलवारी आखूड झाल्या, मायनं पट्ट्या लावल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येईल, कारण नसताना. तोपर्यंत पंप निघालेला असतो, गोळ्यांवर आणलेलं असतं, झोप नाही, अंग धुतलेलं नाही, आणि बाजूच्या पलंगावरचा कोणी घरी निघालेला असतो. मला वाटलं ऑपरेशन करूनच चूक केली. दोन दिवसांत ते गेलं. पाळीपण तारखेच्या आधीच आली त्या गडबडीत, पॅड सोबत ठेव आणि सिस्टरला सांग.

टाक्यांच्या आजूबाजूला कातडी बधिर लागेल, महिनोन्महिने, मला एका जागी अजूनही कपडा लागलेला कळत नाही. मांडीची बाहेरची बाजूपण काहींची बधिर होते, पालथं झोपून कमरेजवळची नस दाबली जाते म्हणून, ती बहुतेक वेळा आपोआप सुटते. पण पायातली ताकदच कमी वाटली, आधी हलत होतं ते हलेना झालं, नळी काढल्यावर लघवी होईना, पोटरी सुजून दुखली, दम लागला, सारखी उलटी होत राहिली, किंवा घरी गेल्यावर जखमेतून पाणी आलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच हाक मारायची.

घरी साधारण चार ते सात दिवसांत सोडतात. एसटीनं नेऊ नका, भाड्याची गाडी करा, समोरची सीट मागं पाडून त्यात तू, निघायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी, आणि ड्रायव्हरला सांगा की खड्डा दिसला की बैलबंडीच्या चालीनं चाल. घरी खुर्चीचा संडास लागेल, मेडिकलवाल्याकडं मिळतो, आणायला आताच सांग कारण खाली उकिडवं बसायला डॉक्टर बरेच दिवस नाही म्हणतात. वाकणं, वजन उचलणं, कमरेतून पिळणं बंद, हाडं जुळून यायला सहा महिने ते वर्ष लागतं. या हंगामात वेचणी नाही तुला. शाळेत चार-सहा आठवड्यांत जाऊ शकशील. जखमेवर हळद नाही, तेल नाही, आणि गावातला नस बसवणारा आला तर त्याला ओसरीतूनच चहा पाजून परत पाठवा. भेटायला येणाऱ्यांचंही तसंच, आमच्याकडं दोन बंड्या भरून लोक आले होते, पाठ दाखव म्हणे. दाखवायची नाही.

पैशाचं तू लिहिलं नाहीस पण घरात बोलणं होतच असेल, हॉस्पिटल सरकारी आरोग्य योजनेत असलं तर तिथं त्या योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र बसलेला असतो, बाबांना त्याच्याकडं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधीच जायला सांग, भरती झाल्यावर धावपळ होते.

जायच्या आदल्या दिवशी केस धुऊन दोन घट्ट वेण्या घाल, मधोमध एक नको, पालथं झोपवल्यावर आणि नंतर उताणं पडल्यावर तिचाच गुंता होतो, माझा शेवटी कात्रीनं काढला. नेलपेंट काढ. आणि नाकातली चमकी आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर काढून पाहा निघते का. माझी निघेना, ओटीच्या दारात सिस्टरनं साबण लावून लावून काढली, मोठे डॉक्टर हात धुऊन उभे, आणि माय बाहेरून ओरडून रायली की हरवू नका व, सोन्याची आहे.